चार बोटं कापलेला अँटेना

तुबली, बहारीन
रविवार, २५ जानेवारी

आदरणीय केशवमामा आणि इंदुमामी यांना,

अश्वजितचा, सीमाचा आणि श्रावस्तीचा मनापासून जय भीम. (श्रावस्तीने खरं तर मान वर न करता "हाय" म्हटलं आहे. तिला मराठी सगळं कळतं, पण तोंडातून इंग्रजीच निघते. मी तिच्या वतीने जय भीम लिहितो आहे.)

मामा, गुडघा कसा आहे? दहा दिवस मांडी घालून मौनात बसल्याने तो दुखायचा थांबला की दुखतो हे सांगायची सोय नव्हती म्हणून थांबल्यासारखा वाटला, ते कळवा. मामींचा फोन आला होता. म्हणाल्या की विपश्यनेचं शिबिर सुटल्यावर नागपूर स्टेशनपासून घरापर्यंत रिक्षावाल्याशी तुम्ही दहाही दिवसांचं बोलून घेतलंत आणि बिचारा घर आल्यावरही उतरा म्हणेना. मामींचं बीपी सांभाळा. त्यांना म्हणावं, लोणच्याची बरणी पोचली, फुटली नाही, आणि अर्धी संपलीसुद्धा. पुढे जे लिहितो आहे ते मी फोनवरही सांगितलं असतं. पण फोनवर तुम्ही दर वाक्याला "ओव्हर" म्हणता आणि समोरच्याने म्हटल्याशिवाय ऐकत नाही, त्यामुळे लांबची गोष्ट सांगता येत नाही. म्हणून हे पत्र.

सहा तारखेच्या मंगळवारी मी तुम्हाला सतरा वेळा फोन लावला. तुम्ही त्या वेळी तिकडे डोळे मिटून श्वासाकडे बघत होता. इकडे माझा श्वास कुठे होता ते मला सापडत नव्हतं.

आमच्या गॅरेजचे मालक खिजरभाई तुम्हाला नावाने माहीत आहेतच. सियालकोटचे, तीस वर्षं इथेच, अरबी अशी बोलतात की स्थानिकांनी मान डोलवावी. त्यांना राग आला की ते ओरडत नाहीत, चष्मा पुसतात. गेल्या महिन्यात जेवताना मी त्यांना सहज सांगितलं की माझे मामा पोलीस वायरलेसमध्ये एकतीस वर्षं होते. ते खरंच आहे. पण त्यापुढे मी आणखी एक वाक्य बोललो, की लहानपणी सुट्टीत मी मामांच्या हाताखाली बरंच शिकलो. (मामा, मी तुमच्या हाताखाली काय शिकलो ते तुम्हाला माहीत आहे. बॅटरी जिभेला लावून बघायची.) मी अकरा वर्षं गाड्यांचं वायरिंग आणि एसी करतो आहे, त्यात माझा हात कोणी धरणार नाही, पण अँटेना म्हणजे माझ्या लेखी मिरवणुकीतल्या पोलिसांच्या गाडीवर दिसणारी काठी. खिजरभाईंनी मात्र ते वाक्य जपून ठेवलं होतं.

त्या मंगळवारी सकाळी नऊ वाजता हाजी ताहिर त्यांची पिकअप घेऊन आले. सत्तरीचे गृहस्थ, बहारीनचेच, पूर्वी बंदरावर क्रेन चालवायचे. हिंदी छान बोलतात, कारण क्रेनखाली सगळे आपलेच लोक असायचे. पिकअप चार महिन्यांची, पांढरीशुभ्र, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही. जुन्या पिकअपमध्ये त्यांचा सीबी रेडिओ होता, म्हणजे ट्रकवाले एकमेकांशी बोलतात तसला, चॅनल फिरवायचा आणि माईकचं बटण दाबून बोलायचं. पण हाजी मक्केला उमऱ्यासाठी गेले असताना मुलाने ती गाडी परस्पर विकली, रेडिओसकट, आणि ही नवी आणून दारात उभी केली. आता त्यांनी नवा सेट घेतला होता, लायसन्सचा कागद प्लास्टिकमध्ये घालून छातीशी धरला होता, आणि पुतण्याने दुबईहून आणलेला अँटेना होता. पोलादी छडी, माझ्या उंचीची. अख्ख्या बेटावर तसा दुसरा मिळाला नव्हता. हाजी म्हणाले, आज चार वाजेपर्यंत चालू पाहिजे. खिजरभाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "फिकर मत करो हाजी, इसके खानदान में वायरलेस है।"

पहिल्याच पायरीला घसरलो. जुन्या गाडीवर अँटेना लोहचुंबकाने टपावर चिकटायचा. या गाडीचं टप अ‍ॅल्युमिनियमचं. चुंबक ठेवला तर तो शांतपणे घरंगळत बोनेटवर आला आणि तिथेही थांबला नाही. म्हणजे आता भोकं पाडणं आलं. खिजरभाईंनी टपाला हात लावू दिला नाही. शेवटी केबिनमागे, हौद्याच्या कडेला पट्टी बसवायचं ठरलं, दोन भोकं. मामा, चार महिन्यांच्या गाडीला भोक पाडताना मालक शेजारी उभा नसावा. हाजी हातात जपमाळ घेऊन एक वीतभर अंतरावर उभे. ड्रिल फिरायला लागलं आणि त्यांची माळ थांबली. भोक पडलं, मी ड्रिल बाहेर काढलं, तेव्हा आम्ही दोघांनी एकदमच श्वास सोडला. मग दुसरं भोक.

साडेअकराला सगळं जोडून झालं. केबल दारातून आत घेतली, सेट डॅशबोर्डखाली बसवला, आणि मध्ये तो मीटर लावला. तुम्हाला मीटर काय सांगणार, पण मामी वाचतील म्हणून लिहितो. सेटमधून निघालेली ताकद अँटेना बाहेर फेकतो का परत सेटवरच उलटवतो, ते हा मीटर दाखवतो. काटा दीडच्या आत असला तर उत्तम. तीनच्या वर गेला तर बोलू नये, सेट जळतो. मी माईकचं बटण दाबलं. काटा तीनवर गेला आणि पलीकडच्या भिंतीला जाऊन टेकला. एक नंबरच्या चॅनलवर तेच, चाळीस नंबरवर तेच. हाजींनी विचारलं, "खलास?" मी म्हणालो, "पाच मिनट, हाजी।"

आता जो शहाणा असतो तो इथे थांबतो. मी मोबाइलवर एक व्हिडिओ बघितला. त्यातला माणूस म्हणत होता की अँटेना लांब असेल तर थोडा कापावा. त्यापूर्वी तो आणखी पाच मिनिटं काहीतरी सांगत होता, ते मी पुढे ढकललं. (सीमा म्हणते माझं पूर्ण आयुष्यच पुढे ढकललेल्या पाच मिनिटांवर चाललं आहे.) हाजी जुहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाला गेले होते. मी छडीचं एक बोट कापलं. काटा भिंतीलाच. आणखी एक बोट. भिंतीलाच. मग माणसाला एक प्रकारची चीड येते. मी एकदम दोन बोटं कापली. काटा हलला नाही. तिन्ही तुकडे शर्टच्या खिशात टाकले आणि तुम्हाला फोन लावत बसलो.

हाजी परत आले, माझ्यासमोर एका टायरवर बसले आणि मी न विचारता सांगायला लागले. ते चार वाजताच का, ते मला तेव्हा कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं.

हिद्दला त्यांचा एक मित्र आहे, फराज. दोघं लहानपणापासूनचे, बंदरावरही सोबत. इकडे थंडीत पाऊस झाला की वाळवंटात जमिनीखाली बटाट्यासारखी अळंबी येतात, फगा म्हणतात, आणि ज्याला त्याची जागा माहीत असते तो बायकोलाही सांगत नाही. या दोघांची साखीरला एक जागा होती. नऊ वर्षांपूर्वी एका सकाळी ते तिथे गेले तर आधीच कोणीतरी जमीन उकरून नेली होती. फराज म्हणाले, तू सांगितलंस. हाजी म्हणाले, मी नाही. त्या दिवसापासून एकमेकांच्या घरी जाणं बंद. लग्नं झाली, नातवंडं झाली, दोघं दोन टोकांना बसले. पण गंमत बघा, रोज दुपारी चार वाजता चौदा नंबरच्या चॅनलवर दोघं बोलायचे. कारण त्यांच्यात असं ठरलं होतं (कोणी ठरवलं ते दोघांनाही माहीत नाही) की रेडिओवर बोललेलं बोलणं धरायचं नाही. फोन केला तर वाकल्यासारखं होतं. घरी गेलं तर हरल्यासारखं होतं. रेडिओ म्हणजे हवेत बोलणं, ज्याला ऐकायचं त्याने ऐकावं. गाडी विकली गेल्यापासून चार महिने तेही बंद होतं. आणि फराजच्या घशात गाठ निघाली होती. बुधवारी सकाळी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी घरच्यांना सांगून ठेवलं होतं की आवाज राहील याची खात्री नाही.

हाजी एवढंच म्हणाले, "कल के बाद क्या पता। आज बोलना है।"

मी उठलो. खिशातले तीन तुकडे वाजले. आपल्याच खिशाची एवढी भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती.

दोन वाजले. मी केबल बदलून बघितली, सेट उघडून बघितला, उगाचच बॅटरी साफ केली. खिजरभाई दोनदा येऊन गेले, दुसऱ्यांदा चष्मा पुसत. हाजी टायरवरून उठले नाहीत. शेवटी मी पिकअपखाली जाऊन आडवा पडलो, काम करतोय असं दिसावं म्हणून. आणि तिथे पडल्यापडल्या माझ्या डोक्यात उजेड पडला, मामा, आणि तो वायरलेसचा नव्हता, माझ्याच धंद्याचा होता. गाडीचे हेडलाइट मिणमिणते झाले, हॉर्न घोगरा झाला, तर मी पहिल्यांदा काय बघतो? अर्थिंग. अकरा वर्षं मी दुसऱ्यांना ओरडून सांगतो आहे की आधी अर्थ बघा. अन् मी अँटेनाची पट्टी कशावर बसवली होती? हौद्याच्या कडेवर, जाड रंगावर, आणि तो हौदा चेसिसवर रबरांवर टेकलेला. माझ्या अँटेनाला जमीनच नव्हती. त्याची लांबी ठीकच असणार. मी मात्र त्याचा शेंडा छाटत बसलो होतो.

पट्टी काढली, खालचा रंग खरवडून धातू उघडा केला, पट्टीपासून चेसिसपर्यंत जाड विणलेली तार टाकली. बटण दाबलं. काटा भिंत सोडून खाली आला. चाळीस नंबरवर पावणेदोन. एक नंबरवर अडीच. म्हणजे आता अँटेना आखूड होता. चार बोटं आखूड. पोलादाची कापलेली छडी परत वाढत नाही, एवढं वायरलेस मलाही कळतं.

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. हाजी असरचा नमाज आटोपून परत टायरवर येऊन बसले होते. खोटं बोलायला माझ्याकडे तीन चांगल्या गोष्टी तयार होत्या. सेट खराब आहे, पुतण्याने चुकीचा आणला, हवेत आज दोष आहे. मी त्यांच्यासमोर गेलो, खिशातले तुकडे काढले आणि त्यांच्या हातावर ठेवले. म्हटलं, "हाजी, मैंने काट दिया। जरूरत नहीं थी। और मुझे यह काम आता भी नहीं।" मागे खिजरभाईंनी चष्मा काढला.

हाजींनी तुकडे मोजले. आपली चार बोटं त्यांच्याशेजारी धरून बघितली. मला वाटलं आता ते उठून निघून जातील, आणि त्यांच्या मागोमाग माझी नोकरी, व्हिसा आणि श्रावस्तीची शाळा निघून जाईल. ते तुकडे त्यांनी मुठीत घेतले. मग म्हणाले, "तू छह घंटे में बोल दिया। मैं नौ साल में नहीं बोला।"

मला एकदम कळलं नाही. खिजरभाईंना कळलं. त्यांनी चष्मा न पुसता डोळ्यांवर ठेवला. मग हाजींनीच उलगडून सांगितलं: फग्याची जागा त्यांनीच फोडली होती. मेव्हण्याला, एका जेवणात, फुशारकी मारताना.

त्यानंतर जे झालं ते खिजरभाईंमुळे झालं. गॅरेजच्या कोपऱ्यात वाळवंटात पळवायची एक बग्गी बॅटरीसाठी आलेली होती. टेकाडामागून दिसावी म्हणून त्या बग्ग्यांना उंच काठीवर झेंडी लावतात, आणि काठी मोडू नये म्हणून तिच्या बुडाशी बोटभर जाडीची स्प्रिंग असते. खिजरभाई, ज्यांनी तीस वर्षांत गिऱ्हाइकाच्या गाडीतला टिश्यू पेपर घेतला नाही, ते तरातरा गेले आणि पान्याने ती स्प्रिंग खोलून घेऊन आले. "लंबाई कम है ना? नीचे से दे दो।" आटे बसतील अशी मला आशा नव्हती. पण बसले, शेवटपर्यंत बसले. छडी स्प्रिंगवर चढवली. अँटेना आता किंचित लांब झाला, तो बुडाशी अर्धं बोट खाली सरकवला. एक नंबरवर दीड. चाळीस नंबरवर दीड. चौदावर काटा सव्वावर येऊन उभा राहिला. चारला चार मिनिटं होती. मी हाजींना गाडीत बसवलं, माईक हातात दिला.

"फराज, फराज. ताहिर."

नुसती खरखर. परत हाक मारली. खरखर. तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा एक आवाज आला, अगदी स्पष्ट, आणि आम्ही तिघं सीटवरून उडालो. तो कुठल्यातरी परदेशातला ट्रकवाला निघाला. (सध्या सूर्यावर काहीतरी चाललंय म्हणे, त्याने आवाज देशोदेशी उड्या मारतात. हे तुम्हाला माहीत असेल.) तो कुठल्याशा भाषेत मोठ्या आनंदाने विचारपूस करत होता. हाजींनी त्याला अरबीत असं काही सुनावलं की खिजरभाईंनी मला त्याचा अर्थ सांगायला नकार दिला. तो गेला. चारवर पाच मिनिटं झाली. मला वाटलं, फराजना आधीच दवाखान्यात नेलं.

तेवढ्यात एक घोगरा, चिरका आवाज आला. खिजरभाई मला कानात हिंदीत सांगत होते. फराज म्हणत होते, चार महिने कुठे मेला होतास, आणि तुझा आवाज असा का येतोय, कुठल्या गाढवाने रेडिओ बसवला? हाजींनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, चांगला मुलगा आहे, हिंदी आहे (म्हणजे हिंदुस्थानातला). मग दोघं माशांवर बोलले, कुणाच्या तरी बकऱ्यांवर बोलले, हाजींच्या मुलावर तर फारच बोलले. ऑपरेशनचा शब्द कोणी काढेना. शेवटी हाजींनी विचारलं, उद्या किती वाजता? सात. बरं. मग हाजींनी माईक तोंडाजवळ नेला, मागे घेतला, परत नेला आणि एका दमात बोलून टाकलं. फग्याची जागा मी सांगितली होती.

खरखर. मी मीटरकडे बघितलं, केबलकडे बघितलं. खरखर. एवढ्या वेळात माझं लग्न, श्रावस्तीचा जन्म आणि पगारवाढ होऊन गेली असती. मग फराजचा आवाज आला. खिजरभाईंना हसू आवरेना, त्यामुळे अर्थ उशिरा कळला. "अरे गाढवा, एवढं सांगायला नवीन गाडी घेतलीस?"

हाजी स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसले. हसत होते की दुसरं काही, ते मी बघायला थांबलो नाही. मी जाऊन बग्गीला दुसरी स्प्रिंग शोधायला लागलो.

ऑपरेशन नीट झालं. गाठ निघाली. आवाज मात्र सध्या नाही, आला तर सहा महिन्यांनी थोडा येईल म्हणतात. हाजी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात गेले, नऊ वर्षांत पहिल्यांदा समोरासमोर बसले, पण दोघांनाही काय करावं ते सुचेना, म्हणून म्हणे दोघं टीव्ही बघत बसले. फराज घरी आल्यापासून परत चारची वेळ सुरू झाली आहे. हाजी बोलतात, आणि पलीकडून फराज माईकचं बटण नुसतं दाबून सोडतात. एकदा टक म्हणजे हो, दोनदा टक म्हणजे नाही. परवा हाजी पिकअप घेऊन आमच्याकडे मुद्दाम ऐकवायला आले होते. त्यांनी अर्धा तास स्वतःच्या शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या. पलीकडून टक टक, टक टक, टक टक.

बाकी सगळं क्षेम. सीमा तुम्हा दोघांना नमस्कार सांगते. गुडघ्याला शेक द्या.

तुमचा भाचा,
अश्वजित

ता. क. हाजींनी तुमच्यासाठी दोन किलो खजूर दिले आहेत. मी घेतले. त्यांची समजूत अजून अशीच आहे की खानदानात वायरलेस आहे, आणि खिजरभाईही काही बोलत नाहीत. पुढच्या आठवड्यात आणखी तीन पिकअप येणार आहेत. तेव्हा फोन चालू ठेवा.

ता. क. २. मामा, पत्र खरं तर यासाठी लिहायला घेतलं होतं. आम्ही एप्रिलमध्ये सुट्टीवर येतो आहोत. चौदा एप्रिलला सकाळी वंदना झाली की तुम्ही आणि मामी आमच्या घरी जेवायला या. आमच्या म्हणजे बाबांच्या घरी. मला माहीत आहे तुम्ही माझ्या लग्नानंतर त्या दारात पाऊल ठेवलेलं नाही. भर मांडवात तुमचं भाषण चालू असताना बाबांनी माईक बंद केला, हे तुम्ही विसरलेला नाहीत, आणि विसरावं असंही मी म्हणत नाही.

ता. क. ३. माईक बाबांनी बंद केला नव्हता. मी केला. भाषणाला चाळीस मिनिटं झाली होती, सीमाच्या गावाकडची बस सुटत होती, आणि माईकच्या वायरची पिन माझ्या पायाशीच होती. तुम्ही बाबांवर भडकलात तेव्हा मी नवरदेव होतो, मला बोलायला सुचलं नाही, आणि नंतर रोज थोडा थोडा उशीर होत गेला. बाबांनी मला पिन उपटताना पाहिलं होतं. सात वर्षं झाली, त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही, आणि मलाही कधी विचारलं नाही.